दुखायच्या आधीच न्या: नागपुरात लहान मुलांना दातांच्या डॉक्टरकडे नेताना

आपल्याकडे पोराला दातांच्या डॉक्टरकडे नेण्याचा मुहूर्त ठरलेला असतो. आदल्या रात्री दाढ ठणकलेली, लवंगेचं तेल लावून झालेलं, घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही आणि सकाळी सुजलेला गाल घेऊन सगळी वरात दवाखान्यात. पोरगं अर्धवट झोपेतलं, कावलेलं, दुखऱ्या जागेला कोणी हात लावू नये म्हणून तोंड गच्च मिटून बसलेलं. आणि समोर मास्क लावलेला अनोळखी माणूस नेमकी तीच जागा दाखव म्हणतो. पहिली भेट अशी झाली की पुढे त्या दाराशी रडारड ठरलेलीच.

माझ्या मुलांचे आणि मग बहिणीच्या मुलांचे दात या शहरात सरकारी आणि खासगी, दोन्हीकडे दाखवून झाले. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. एक ते आठ वर्षांच्या मुलांचे आईबाबा डोळ्यांपुढे आहेत. कोणत्या दाताला काय करायचं ते डॉक्टर सांगतील. इथे विषय एवढाच, की पोराने त्या खुर्चीत निवांत कसं बसावं.

१. पहिली भेट: काहीच झालेलं नसताना

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. बालदंततज्ज्ञ सांगतात, पहिला दात दिसला की, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दाखवून आणा. घरी हे बोललात की आजी हसेल. "दोन दात त्याले, त्यात काय पाहून राहिले डॉक्टर?" दोनच आहेत म्हणून तर जायचं. पाच मिनिटांचं काम असतं, दुखत काही नसतं, आणि पोराच्या डोक्यात त्या जागेची पहिली नोंद साधी, कंटाळवाणी होते. पहिली भेट कंटाळवाणी झाली तर ती उत्तम झाली असं समजा.

तुमचं मूल तीन-चार वर्षांचं झालं आणि अजून नेलं नसेल तरी हेच लागू. दुखत नाही तोवर न्या.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत". दुधाचे दात वीस. पुढचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ आणखी सहा-सात वर्षं चावायला लागते, आणि खालून येणाऱ्या दाताची जागाही तीच राखून ठेवते. दुसरी गंमत सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास सगळ्यांत मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच आहे असं समजून पुष्कळ घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती पक्की दाढ असते, जन्मभराची.

लवकर जाण्याचा खरा फायदा भीतीच्याच हिशेबात आहे. रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात आधी बिघडतात. सुरुवातीला हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. त्या टप्प्यावर दातांना फ्लोराइडचं व्हार्निश ब्रशने लावून आणि घरच्या सवयी सुधारून बऱ्याचदा भागतं. ड्रिल नाही, सुई नाही. तीच रेघ तपकिरी खड्डा झाल्यावर गेलात तर पोराला शूर व्हावं लागतं.

२. कुठे न्याल

मेडिकल चौकाजवळ, मेडिकलच्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. रिक्षावाल्याला "डेंटल कॉलेज" म्हटलं की कळतं. तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. आधी केसपेपर काढायचा, मग तपासणी, मग त्या विभागात पाठवतात. खर्च खासगीच्या मानाने फारच कमी. उपचार बहुतेक शिकणारे डॉक्टर करतात आणि त्यांचे शिक्षक देखरेख ठेवतात. याला लोक नाकं मुरडतात. माझं मत उलटं आहे. बालदंतशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या या मुलामुलींना पोरांशी बोलायचंच शिकवलेलं असतं आणि त्यांच्याकडे वेळ असतो. अडचण आहे ती गर्दीची. एका खोलीत बऱ्याच खुर्च्या असतात; शेजारच्या खुर्चीतलं मूल भोकाड पसरून रडत असेल तर तुमचंही बिथरतं. म्हणून सकाळी नोंदणी सुरू होतानाच पोचा. आणि एकाच दिवसात सगळं उरकेल हा हट्ट धरू नका.

हिंगणा रोडकडे राहणाऱ्यांना डिगडोहचं व्हीएसपीएम आणि वानाडोंगरीचं दादासाहेब काळमेघ स्मृती, ही दोन दंत महाविद्यालयं जवळ पडतात. शहरातून जायचं तर मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने लोकमान्य नगरपर्यंत आणि पुढे ऑटो. पोरांना मेट्रोची खिडकी मिळाली की निम्मा दिवस तिथेच सार्थकी लागतो.

खासगीत रामदासपेठ, धंतोली, धरमपेठ, सदर, कुठेही पाट्याच पाट्या आहेत. पाटीवर 'एमडीएस' एवढंच वाचून थांबू नका. एमडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरकीतली पदव्युत्तर पदवी, आणि ती नऊ विषयांत होते. दात सरळ करणारेही एमडीएस आणि रूट कॅनालवालेही एमडीएस. तुम्हाला हवा तो विषय 'पेडोडॉन्टिक्स' किंवा 'पीडियाट्रिक डेंटिस्ट्री', म्हणजे लहान मुलांचा. नुसत्या तपासणीसाठी घराजवळचे बीडीएस, म्हणजे दातांची पहिली पदवी घेतलेले साधे डॉक्टर चालतात, मुलांशी त्यांचं जमत असेल तर. तीन वर्षांखालचं मूल, बऱ्याच किडलेल्या दाढा किंवा आधीच धसका घेतलेलं पोर असेल तर मात्र बालदंततज्ज्ञच गाठा.

सरकारी शाळेत किंवा अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतं. त्यात दातही पाहतात. त्यांनी चिठ्ठी दिली असेल तर ती फेकू नका, डेंटलला दाखवा.

३. आधी फोन करा

दवाखाना कसा आहे हे फोनवरच बरंचसं कळतं. एवढं विचारा: लहान मुलं किती दिवस बघता, आठवड्यातून एकदा की रोज? पहिल्या भेटीत नुसती ओळख आणि तपासणी करून सोडाल का? आई किंवा बाबांना आत थांबू देता का? मूल घाबरलं तर काय करता?

शेवटच्या प्रश्नाला "अहो, पकडून ठेवतो आम्ही, काही काळजी करू नका" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. एके काळी रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची रीत पाठ्यपुस्तकांत शिकवत. अमेरिकेतल्या बालदंततज्ज्ञांच्या संघटनेने ती २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली.

पैशाचं आधीच विचारायला लाजू नका. काउंटरवर आईबाबांची कुजबुज सुरू झाली की पोराला वाटतं, आत काहीतरी भलतंच होणार आहे.

४. घरची तालीम

महिनाभर आधीपासून सांगत बसलात तर पोर महिनाभर घाबरतं. अगदी लहान असेल तर आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी सांगा; पाच-सहा वर्षांचं असेल तर दोन-तीन दिवस आधी. तालीम मात्र भेटीचं नाव न काढता, खेळ म्हणून, आठवडाभर चालू द्या.

पहिला खेळ मांडीवरचा. रात्री दात घासून झाले की पोराचं डोकं आजीच्या मांडीवर, तोंड छताकडे. दवाखान्याच्या खुर्चीत ज्या गोष्टीने मुलं बिचकतात ती बऱ्याचदा हीच: मागे कलणं, आणि वर आपल्या तोंडावर वाकलेलं माणूस. घरात याची सवय झाली की अर्धं काम झालं. मग चमच्याचा दांडा अलगद दातावर टेकवत मोजा, "एक, दोन, तीन..." मोठ्याने. मधेच चुकून "सतरा, अठरा, पंचवीस" म्हणा. पोर हसून चूक सुधारतं आणि हसताना तोंड उघडं राहतं. नंतर त्याची पाळी: तो तुमचे दात मोजणार, मग बाहुलीचे किंवा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचे. आमच्याकडे नंदीचे दात भाच्याने स्केचपेनने काढले, त्यातला एक काळा, आणि रोज त्या काळ्यावर उपचार चालत.

दुसरा खेळ आवाजाचा. ग्लासाच्या तळाशी उरलेलं ताक स्ट्रॉने ओढलं की सुर्रर्र आवाज येतो. थुंकी ओढणारी नळी तशीच बोलते. "डॉक्टरकडे ताक पिणारी नळी आहे" एवढं सांगून ठेवा. स्ट्रॉने दातांवर फुंकर मारली की गार वाऱ्याचीही ओळख होते.

तिसरा उजेडाचा. मोबाइलचा टॉर्च तोंडात मारताना आधी तो पोटावर, मग गळ्यावर, मग ओठांवर आणा. एकदम डोळ्यांवर नको. माझ्या मुलीने पहिल्यांदा तोंड मिटलं ते हत्यार पाहून मुळीच नाही, दिव्याने डोळे दिपले म्हणून. तिथल्या डॉक्टरबाई हुशार. त्यांनी खणातून लाल काड्यांचा छोटा गॉगल काढला, तिच्या नाकावर ठेवला आणि आरसा हातात दिला. स्वतःला आरशात बघायच्या नादात तोंड कधी उघडलं ते तिला कळलंच नाही. तेव्हापासून आमच्या पिशवीत गॉगल असतोच.

रोजचं दात घासणं हीसुद्धा तालीमच आहे. ज्या पोराच्या तोंडात रोज दोनदा आईचा हात जातो त्याला डॉक्टरच्या हाताचं फारसं नवल वाटत नाही. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरतात तेवढी नको. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनी फिरवायचा.

५. घरातल्या मोठ्यांना आवरा

हे सगळ्यांत अवघड, म्हणून सविस्तर.

भीती पोरं घेऊन जन्माला येत नाहीत. ती जेवणाच्या ताटावर मिळते. "गप राह्य, नाही तर डॉक्टरजवळ नेऊन सुई टोचून देईन." वर्षभर हे ऐकलेल्या पोराला एके दिवशी खरंच डॉक्टरजवळ नेलं तर ते काय समजेल? आपण काहीतरी गुन्हा केला आणि आज शिक्षा आहे. ही धमकी घरात आजपासून बंद. काका, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांना सांगून ठेवा.

मग येतात शूरकथा. आपल्या रूट कॅनालच्या, दाढ काढताना डॉक्टरने कसा गुडघा लावला त्याच्या. मोठी माणसं रंगवून सांगतात आणि पोर कोपऱ्यात खेळत असलं तरी कान इकडेच असतात. या गप्पा त्या आठवड्यात तरी नकोत.

तिसरा प्रकार प्रेमाचा, आणि तोच जास्त घात करतो. "अजिबात दुखणार नाही हं बेटा!" पोराच्या डोक्यात तोवर दुखण्याचा विचारही नसतो, तुमच्या वाक्याने तो येतो. शिवाय पुढे थोडं टोचलं तर तुम्ही खोटे ठरता आणि पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा काय होणार ते साधं सांगा: "डॉक्टर तुझे दात मोजणार, छोट्या आरशाने बघणार, मग आपण घरी येणार." त्यापलीकडे विचारलं तर "ते डॉक्टरांनाच विचारू" हे उत्तर पुरे. "आज काहीच करणार नाहीत" असं वचनही देऊ नका. ते तुमच्या हातात नसतं.

लालूच म्हणून चॉकलेट किंवा संत्रा बर्फी कबूल करणं तर विनोदच. बक्षीस द्यायचं तर ते भेट संपल्यावर द्या, आणि खायचं नको. स्टिकर, रंगीत खडू, परतताना फुटाळ्यावर चक्कर. "रडला नाहीस तर देईन" ही अट घालू नका. रडणं त्याच्या ताब्यात नसतं.

तुम्हाला स्वतःला त्या खुर्चीची धडकी भरत असेल तर त्या दिवशी दुसऱ्या कोणाला पाठवा. बाबा, मावशी, कोणीही. पोर तुमच्या हाताच्या पकडीवरून सगळं ओळखतं. आणि सोबत एकच जण, फार तर दोघे. आजी-आजोबा, आत्या, धाकटं भावंडं असा जत्था नेलात की आतल्या खोलीत सगळे एकदम बोलतात: "तोंड उघड न बाप्पा!", "पहा तो दादा कसा बसला", "काऊन घाबरून राहिला?" डॉक्टरांचा आवाज पोरापर्यंत पोचतच नाही.

६. पिशवीत काय असावं

- मुलाचं आधार कार्ड किंवा जन्मदाखला (सरकारी रुग्णालयात केसपेपरला उपयोगी) आणि तुमचं ओळखपत्र
- लसीकरणाचं कार्ड, बालरोगतज्ज्ञांची जुनी फाइल
- चालू औषधांची नावं. आठवत नसतील तर पाकिटाचा फोटो
- आधीचा दातांचा एक्स-रे असेल तर तो
- आवडतं खेळणं किंवा ओढणी-गोधडीचा तुकडा, जे काही त्याला बिलगून झोपायला लागतं ते
- गॉगल, पाण्याची बाटली, रुमाल, एक जास्तीचा शर्ट
- गर्दीत थांबावं लागलं तर गोष्टीचं पुस्तक

कागदांपेक्षा महत्त्वाची आहे ती माहिती. मुलाला हृदयाचा जन्मजात त्रास, दमा, फिट्स, रक्त लवकर न थांबणं, सिकलसेल किंवा एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टर विचारायची वाट न बघता पहिल्यांदा तेच सांगा. विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे, आणि "दातांशी त्याचा काय संबंध" म्हणून ते सांगायचं राहून जातं. दुसरी इकडची गोष्ट म्हणजे पाणी. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. मूल तिकडे वाढलं असेल तर गावाचं नाव सांगा. दातांवरचे पांढरे-तपकिरी डाग कीड आहे की फ्लोराइडचा परिणाम, हे ठरवायला त्याची मदत होते.

७. वेळ कोणती घ्याल

सकाळची. पोर झोपून उठलेलं, थोडं खाल्लेलं. शाळेतून थेट नेऊ नका, झोपेच्या वेळेला नेऊ नका, लस टोचून आणलेल्या आठवड्यात तर नकोच. एप्रिल-मेच्या दुपारी, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना ऑटोतून पोर आणलंत तर ते दवाखान्यात शिरायच्या आधीच रडकुंडीला आलेलं असतं.

पोटभर जेवण घालूनही नेऊ नका. तोंडात मागे आरसा गेला की काहींना उलटी येते. भूल देऊन उपचार ठरले असतील तर उपाशीपोटी किती तास ठेवायचं हे डॉक्टर सांगतील. ते अगदी तंतोतंत पाळा. आजीने लाडाने दिलेलं एक बिस्किटही तेव्हा धोक्याचं असतं.

८. खुर्चीत

तीन वर्षांखालच्या मुलांना बहुधा खुर्चीत बसवतच नाहीत. डॉक्टर आणि तुम्ही समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसता. मूल तुमच्याकडे तोंड करून तुमच्या मांडीवर, पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग त्याला हळूच मागे झोपवायचं, की डोकं डॉक्टरांच्या मांडीत येतं. त्याला तुमचा चेहरा दिसत राहतो, हात तुमच्या हातात असतात. मूल रडलं तर तोंड उघडतं आणि डॉक्टर तेवढ्यात बघून घेतात. एक-दोन मिनिटांचं काम. मांडीवरचा खेळ घरी झाला असेल तर इथे फार नवीन काही उरत नाही.

मोठ्या मुलांसाठी चांगले डॉक्टर एक ठरलेली पद्धत वापरतात: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ॲडल्स्टन नावाच्या दंतवैद्यांनी ती १९५९ मध्ये मांडली आणि आजही हीच पहिली पायरी आहे. म्हणजे "हा गोल फिरणारा ब्रश, दातांना गुदगुल्या करतो" असं सांगतील, तो पोराच्या नखावर फिरवून दाखवतील आणि मगच दातावर लावतील. या मधल्या पायरीला वेळ लागतो. बाहेर बसलेल्यांना वाटतं, डॉक्टर टाइमपास करून राहिले. करू द्या.

खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरांकडून एक खूण ठरवून घ्या: डावा हात वर केला की थांबायचं. एकदा उगाचच हात वर करून खात्री करून घेण्याची मुलांना खुमखुमी असते. डॉक्टर खरंच थांबले की पोर सैल पडतं. थांबले नाहीत तर त्या खुणेला पुन्हा अर्थ राहत नाही.

आणि तुम्ही? पायाशी बसा, घोट्यावर हात ठेवा आणि गप्प राहा. एका वेळी एकच आवाज, तो डॉक्टरांचा. काही डॉक्टर पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना बाहेर थांबायला सांगतात, कारण आई दिसली की काही पोरांचा बांध फुटतो. त्यात वावगं काही नाही. पण कारण विचारा, आणि दार उघडं ठेवता येईल का तेही.

स्वमग्न मुलं, किंवा आवाज-स्पर्श सहन न होणारी मुलं असतील तर दिवसाची पहिली वेळ मागून घ्या. दवाखान्याचे, खुर्चीचे फोटो आधी मोबाइलवर काढून आणा, ते घरी ओळीने दाखवा, कान झाकणारे हेडफोन न्या. पहिल्या भेटीत पोर नुसतं दारातून आत डोकावलं तरी चालेल, असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

९. रडलं तर

दोन वर्षांचं मूल रडणारच. त्या वयात दुसरी भाषा कुठे असते? त्याला गप्प करायला "शी, सगळे हसून राहिले तुला" म्हणू नका. शेजारच्या शहाण्या मुलाशी तुलना तर मुळीच नको.

तातडीचं काही नसेल आणि पोर फारच हट्टाला पेटलं असेल, तर डॉक्टर "आज एवढंच, पुढच्या आठवड्यात या" म्हणतील. अशा वेळी काही पालक चिडतात: सुट्टी काढली, पेट्रोल जाळलं, आता करूनच टाका. जोर करून केलेली ती एक दाढ होते, पण पुढच्या सगळ्यांना ते महागात पडतं. उठताना मात्र एखादी छोटी गोष्ट पोराकडून करून घ्या. आरसा हातात धरून एक दात मोजला, खुर्ची वर-खाली केली, काहीही. रडत पळालो हे शेवटचं लक्षात राहू नये.

१०. सुई, गॅस, भूल

कीड खोल असेल तर हे विषय निघतात. थोडक्यात सांगते.

काही वेळा ड्रिल न करता किडीवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचा द्रव लावतात. दुखत नाही, कीड थांबायला मदत होते, पण किडलेली जागा कायमची काळी पडते. पुढच्या दातांना लावायचं असेल तर आधी फोटो दाखवायला सांगा, म्हणजे घरी गोंधळ नको.

सुई द्यायचीच असेल तर हिरडीवर आधी बधिर करणारी जेल लावतात. चांगले डॉक्टर सुई पोराच्या डोळ्यांसमोरून नेत नाहीत. "सुई" हा शब्द तुम्हीही काढू नका. विचारलंच तर "दाताला झोपवायचं औषध, थोडं चावल्यासारखं वाटेल" म्हणा. ते खरंही आहे.

लाफिंग गॅस नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. मूल जागं असतं, बोलतं, फक्त सैलावतं. पूर्ण भूल वेगळी: बऱ्याच दाढा बिघडलेलं अगदी लहान मूल असेल तर एकाच बैठकीत सगळं करण्यासाठी ती सुचवतात. ती रुग्णालयात, भूलतज्ज्ञ हजर असतानाच द्यायची. हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नका: भूलतज्ज्ञ कोण, आणि नंतर किती वेळ देखरेखीखाली ठेवाल?

११. घरी आल्यावर

बधिर केलं असेल तर ओठ आणि गाल दोन-तीन तास जड राहतात. लहान मुलांना ती मजा वाटते आणि ती ओठ चावत बसतात. बधिरपणा उतरल्यावर ओठ सुजून फोड येतो आणि सगळा दोष डॉक्टरांवर. तोवर जेवण नको, नजर हवी. दात काढला असेल तर कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायचा, थुंकत राहायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. गार आणि मऊ चालतं. व्हार्निश लावलं असेल तर त्या दिवशी कडक, चिकट, गरम टाळा आणि ब्रश कधी करायचा ते निघताना विचारून घ्या. पडलेला दात छपरावर फेकायचा की तुळशीत पुरायचा, हा विभाग आजीचा.

शाबासकी नेमकी द्या. "शहाणा माझा" पेक्षा "दहा मोजेपर्यंत तोंड उघडं ठेवलंस" हे त्याला जास्त कळतं. रात्री बाबांना फोनवर त्यालाच सांगू द्या काय झालं ते, मधेच "आणि रडला की नाही?" म्हणून टोकू नका.

१२. पुढची तारीख आणि बिनतारखेची भेट

साधारण दर सहा महिन्यांनी, कीड जास्त असेल तर डॉक्टर सांगतील तसं लवकर. तान्हा पोळा, दिवाळी झाली की पोरांच्या खिशात गोळ्या-चॉकलेट्स आठवडाभर खेळतात. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं, कारण प्रत्येक वेळी तोंडात वीस-तीस मिनिटं आम्ल तयार होत राहतं. त्यामुळे सणानंतरची तारीख बरी.

काही भेटी तारीख न घेताच कराव्या लागतात. पोर सायकलवरून पडलं आणि दात मुळासकट बाहेर आला, तर आधी तो दुधाचा की पक्का ते पाहा. दुधाचा असेल तर तो परत बसवत नाहीत. खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. तरी डॉक्टरांना दाखवा. पक्का असेल तर एकेक मिनिट मोलाचं. दात पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला बोट लावू नका, माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धुवा, घासू नका. जमलं तर तिथेच खाचेत बसवून पोराला रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर वाटीभर गार दुधात टाका आणि तासाच्या आत डॉक्टर गाठा. कागदात किंवा कोरड्या रुमालात गुंडाळून नेऊ नका. दात वाळला की तो पुन्हा धरण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.